चार तारांची लाइन

मित्रांनो, वृत्तवाहिनीतला निर्माता नेमकं करतो काय, असं मला नेहमी विचारतात. अँकरचा चेहरा तुमच्या ओळखीचा असतो, प्रतिनिधीचं नाव खालच्या पट्टीवर येतं. माझी नोकरी परराष्ट्र आणि संरक्षण या दोन विषयांत गेली. तिच्यातलं जे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, ते बातमी पडद्यावर यायच्या कितीतरी आधी झालेलं असतं.

१७ जानेवारी १९९१ ची पहाट घ्या. आखाती युद्ध पेटलं आणि इराकची राजधानी बगदादवर अमेरिका आणि मित्रदेशांची बॉम्बफेक सुरू झाली. सीएनएनचे बर्नार्ड शॉ, पीटर आर्नेट आणि जॉन हॉलिमन अल-रशीद हॉटेलच्या खोलीतून बोलत होते. जगाने त्यांचा फक्त आवाज ऐकला. टेलिफोन एक्स्चेंजवर बॉम्ब पडल्यावर बाकीच्यांचे फोन बंद पडले, यांचा आवाज मात्र चालू राहिला. कारण निर्माता रॉबर्ट वीनर याने इराकी अधिकाऱ्यांचा पिच्छा पुरवून ‘फोर वायर’ नावाची स्वतंत्र लाइन आधीच मिळवली होती. ती शहरातल्या एक्स्चेंजवर अवलंबून नव्हती. त्या रात्रीची बातमी या कंटाळवाण्या पाठपुराव्यावर उभी होती. आमच्या धंद्यातला माझा आदर्श विचाराल, तर मी वीनरचं नाव घेईन.

त्याच युद्धातली दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. इराकची स्कड क्षेपणास्त्रं यायची आणि अमेरिकेची पॅट्रियट ती अडवायला झेपावायची. आकाशात स्फोट दिसला की स्टुडिओतून सांगितलं जायचं, ‘पाडलं!’ फेब्रुवारीत खुद्द अध्यक्ष बुश यांनी ४२ पैकी ४१ अडवल्याचा दावा केला. पुढे एमआयटीचे थिओडोर पोस्टोल यांनी वाहिन्यांच्याच टेप फ्रेम-फ्रेम करून तपासल्या आणि बहुतेक नेम हुकल्याचं मत मांडलं. लष्कराने ते मान्य केलं नाही. पण १९९२ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयालाही जेमतेम ९ टक्के प्रसंगांत स्कड नष्ट झाल्याचा भक्कम पुरावा सापडला. ज्या चित्रांनी प्रेक्षकांची दिशाभूल केली, तीच जपून ठेवल्यामुळे पुढे दाव्याची तपासणी झाली. म्हणून प्रत्येक फुटेजवर ते कुणी, कुठून आणि किती वाजता घेतलं, हे लिहिल्याशिवाय मी ते पुढे जाऊ देत नाही. घाईत असलेल्या डेस्कला याचा राग येतो. येऊ द्यावा.

आपल्याकडचं सांगायचं तर २६/११. हल्लेखोरांना सीमेपलीकडून सूचना देणारे आपलंच थेट प्रक्षेपण पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण बंद, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढीच माहिती द्यायची. काही सहकाऱ्यांना ही मुस्कटदाबी वाटली. मला वाटली नाही, कारण आतल्या जवानाचा आणि ओलिसाचा जीव कुठल्याही ब्रेकिंगपेक्षा मोठा आहे. मात्र बोलणारा अधिकारी एकच उरला, की तो सांगतो ते ताडून पाहायला आपली माहिती पक्की हवी. नकाशे, तुकड्यांची रचना, जुने करार, हे शांततेच्या काळातच वाचून ठेवावं लागतं.

मे २०२५ मध्ये काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याची बातमी चालवली. असा हल्ला झालाच नव्हता. जहाजं आपली जागा रेडिओ संदेशाने कळवत राहतात, त्या एआयएस यंत्रणेवर व्यापारी जहाजांच्या जागा कुणालाही पाहता येतात, उपग्रहचित्रं विकत मिळतात, बंदरात फोन लावता येतो. टिकर, म्हणजे खालची सरकती पट्टी, सोडण्यापूर्वी कंट्रोल रूममधल्या एकाने तरी विचारायला हवं होतं: हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पाहिलंय का?