जांभळी गार

[दृश्य : अजिंठ्याचा पायथा, फर्दापूर. सकाळ. ओळीनं दुकानं, टेबलांवर मांडलेले दगड.]

"दादा, बघून तर जावा. बघायचे काय पैसे पडायलेत?"

अजिंठ्याला गेलेल्या माणसाला पद्मपाणी नंतर दिसतो, आधी हे विक्रेते भेटतात. हातात लिंबाएवढा, कधी नारळाएवढा खडबडीत गोळा. बाहेरून बांधावरच्या धोंड्यासारखा. तो आधीच फोडलेला असतो. दोन्ही फाका मिटून धरायच्या आणि गिऱ्हाइकाची नजर पडली की उघडायच्या. आत खडीसाखर सांडावी तसे स्फटिक. बहुतेक गोळ्यांत पांढरे किंवा धुरकट, एखाद्यात जांभळे. लोक थांबतात ते जांभळ्यापाशी.

"वरिजनल ॲमेथिस्ट हाय." ॲमेथिस्ट म्हणजे जांभळी गार.

कशावरून, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला कशावरून डुप्लिकेट वाटायलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. गोळा घेतला आणि निघालो.

[दृश्य : जालना जिल्हा. कोरडी विहीर, काठावर दगडांचा ढीग.]

तसा हा दगड मला लहानपणापासून माहीत. आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हा पाणी बेताचंच लागलं, गारगोट्या मात्र ढिगानं निघाल्या. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. गार सापडायची ती याच भोकांत.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थरावर थर. भाकरीत वाफ कोंडावी तसे वायू त्यात कोंडले आणि खडक थिजला तेव्हा पोकळ्या मागं राहिल्या. पुढं सिलिका, म्हणजे गार ज्याची बनते ते द्रव्य, विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिलं. भिंतीला आधी अकीकाचा पातळ थर बसला, मग आत तोंड करून स्फटिक वाढले. म्हणजे ज्या खडकात कारागिरांनी वेरूळचं कैलास खोदलं, त्याच खडकानं हे छोटे गाभारे आपल्या आपण तयार केले. ब्राझीलच्या दक्षिण भागातला जगप्रसिद्ध ॲमेथिस्टही अशाच लाव्हाच्या पोकळ्यांतून निघतो. तिकडचा माल एकोणिसाव्या शतकात युरोपात पोचला आणि राजेरजवाड्यांचा हा खडा सामान्यांच्या बोटात आला.

जांभळा रंग कुठून येतो? लोखंडातून. स्फटिक वाढताना सिलिकात लोहाचा अगदी किंचित अंश अडकतो. भोवतालच्या खडकातून येणारे गामा किरण त्याच्यावर फार मोठा काळ पडत राहतात आणि रंग चढतो. हाच खडा 400 ते 500 अंशांवर तापवला की बहुतेकदा पिवळा होतो. बाजारात सुनेला म्हणून मिळणारा पिवळा खडा पुष्कळदा असा तापवलेला ॲमेथिस्टच असतो. आता गंमत बघा. सराफ्यात जांभळा खडा, म्हणजे जामुनिया किंवा कटैला, नीलमाचं उपरत्न म्हणून शनीसाठी देतात आणि सुनेला पुष्कराजाचं उपरत्न म्हणून गुरूसाठी. शनीचा खडा भट्टीत घातला की गुरूचा होतो! साडेसातीत राक्षसभुवनच्या शनीला तेल वाहून आलेला माणूस हे ऐकून काय म्हणेल, मला माहीत नाही.

[दृश्य : टेबल. भिंग, पांढरा वाडगा, कापूस, लॅपटॉप.]

आता विक्रेत्याच्या प्रश्नाकडं. जांभळ्या खड्याच्या नावाखाली मुख्यतः तीन गोष्टी खपतात. रंगवलेली साधी गार, काच आणि कारखान्यात वाढवलेला स्फटिक.

रंगवलेली गार पकडणं सोपं. रंग दगडात मुरत नाही, भेगांत साचतो. भिंगाखाली भेगा गडद आणि मधला भाग फिका दिसला की समजावं. कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन कोपऱ्यात पुसायचं. कापूस जांभळा झाला, तर विषय संपला. झाला नाही, तर मात्र संपत नाही, कारण काही रंग असे सुटत नाहीत.

काचेसाठी आमच्याकडची जुनी रीत म्हणजे खडा गालाला लावणे. ती अगदीच खुळी नाही. स्फटिक काचेपेक्षा उष्णता लवकर ओढून घेतो, म्हणून जास्त वेळ गार लागतो. पण जालन्याच्या मे महिन्यात कुठला गाल आणि कुठला गारवा! त्यापेक्षा दहा पट मोठं दाखवणारं भिंग बरं. काचेत गोल बुडबुडे दिसतात, कधी पाकाच्या तारेसारखे वळसे. खऱ्या खड्यात रंग सारखा नसतो. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन त्यात खडा बुडवला की गडद-फिके सरळ पट्टे दिसतात आणि ते कोनात मिळतात. स्फटिक कोनाकोनानं वाढतो, त्याची ती खूण. निर्दोष, एकसारखा जांभळा, मोठा आणि वर स्वस्त, असा खडा दिसला की आधी संशय घ्यावा.

खरा ॲमेथिस्ट काचेवर ओरखडा काढतो. त्याचा कठीणपणा 7, काचेचा साधारण साडेपाच. पण दुकानदाराच्या काउंटरवर हा प्रयोग करू नका. नंतरचं बोलणं महागात पडतं.

मला सगळ्यात आवडलेली परीक्षा लॅपटॉपची. स्क्रीन एलसीडी हवी. तिच्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. पोलराइज्ड गॉगल स्क्रीनसमोर धरून फिरवायचा, एका ठिकाणी स्क्रीन काळी पडते. तिथं गॉगल थांबवायचा आणि मधे खडा धरून फिरवायचा. काच बहुतेक काळीच राहते. स्फटिक एका फेरीत चार वेळा उजळतो आणि चार वेळा विझतो. गोल मण्यात तर एका दिशेनं बघितलं की सप्तरंगी वर्तुळं उभी राहतात. अजिंठ्याच्या गोळ्यातला एक कण असा उजळला आणि विझला. कापूस आधीच पांढरा राहिला होता. त्या विक्रेत्याची मनातल्या मनात माफी मागितली.

तिसऱ्या प्रकाराशी मात्र घरच्या घरी झुंजता येत नाही. बंद पोलादी भांड्यात प्रचंड दाबाखाली, गरम द्रावणात, एका चकतीवर स्फटिक आठवडे न् आठवडे वाढवतात, मग किरणोत्सर्गानं रंग आणतात. 1970 च्या दशकात सोव्हिएत संघातून असा माल बाजारात आला. हा दगड खोटा कसा म्हणायचा? रसायन तेच, कठीणपणा तोच, लॅपटॉपसमोर उजळतोही तसाच. फरक कळतो प्रयोगशाळेत, आतली जुळ्या स्फटिकांची रचना बघून. आणि तिथं तपासायला इतका खर्च येतो की स्वस्त खडे कुणी तिकडं पाठवतच नाही.

[दृश्य : पैठण, गोदाकाठ. नंतर तेर.]

ही लबाडी आजची नव्हे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जातात, आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड. त्याच शतकात रोमचा प्लिनी लिहितो की हिंदुस्थानातले लोक स्फटिक रंगवून रत्नं बनवतात. रत्नांच्या फसवणुकीइतका नफा दुसऱ्या कशात नाही, असंही तो म्हणतो. फर्दापूरच्या टेबलावरचा एखादा रंगवलेला गोळा, म्हणजे, बऱ्याच जुन्या घराण्यातला.

प्लिनीची दुसरी एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. ॲमेथिस्ट या ग्रीक शब्दाचा अर्थ 'न झिंगणारा'. खडा जवळ ठेवला की दारू चढत नाही, अशी समजूत होती. प्लिनीनं ती मांत्रिकांची थाप म्हणून उडवून लावली. दगड खरा असू शकतो आणि त्याच्याविषयीचं बोलणं खोटं, हे त्या माणसाला कळलं होतं.

[दृश्य : ओसरी. मनगटात जांभळं ब्रेसलेट.]

माझी भाची संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. हे ब्रेसलेट तिनं ऑनलाइन मागवलं. सोबत एक कार्ड आलं. त्यावर 'नैसर्गिक' असा शिक्का आणि खाली तीन ओळी. चिंता घालवतो, नजर लागू देत नाही, पौर्णिमेच्या चांदण्यात चार्ज करावा. चांदण्याचं ठीक आहे, निदान नुकसान नाही. कडक उन्हात ठेवला तर काही खड्यांचा रंग खरंच उतरतो.

तिच्या प्रोफाइलवर लिहिलंय : बेबी विच.

आईनं विचारलं, "विच म्हंजी काय गं?"

"निसर्गाला मानणारी, आजी. चंद्र, झाडं, दगड..."

"मराठीत काय म्हणत्यात?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं.

तिचं 'विच' आलं इंग्लंडातून. जेराल्ड गार्डनर नावाचा गृहस्थ श्रीलंका आणि मलायात रबराचे मळे बघून, कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झाला. घरी परतल्यावर त्यानं सांगितलं की इंग्लंडच्या जंगलात चेटकिणींचा प्राचीन धर्म अजून जिवंत आहे आणि 1939 मध्ये आपल्याला त्याची दीक्षा मिळाली. ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला हा धर्म, हा दावा इतिहासकारांनी पुढं मोडीत काढला. पण विक्का नावानं पंथ वाढला. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13 हजार लोकांनी आपला धर्म विक्का असा लिहिला. आता मोबाइलवर त्याची रीळंच्या रीळं चालतात आणि प्रत्येक रिळात जांभळा दगड असतोच.

तिथला कायदाही कसा सरकत गेला बघा. 1735 च्या कायद्यानं चेटूक करणं नव्हे, तर चेटूक येतं असं भासवणं गुन्हा ठरवलं. 1951 मध्ये तो रद्द होऊन फसव्या 'मीडियम'विरुद्धचा, म्हणजे मेलेल्यांशी बोलतो असं भासवून लुबाडणाऱ्यांविरुद्धचा, कायदा आला. 2008 मध्ये तोही गेला आणि विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांत येऊन बसला.

[दृश्य : गावातली गल्ली. एक बंद दार.]

आमच्या गल्लीत या शब्दाचा प्रवास असा झाला नाही. मी लहान असताना एका घरावर रात्री दगड पडायचे. दोरीवरचे कपडे पेटायचे. त्या घरातल्या सुनेच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटायच्या. भानामती. मराठवाड्यात हा शब्द अजूनही आवाज खाली आणून उच्चारतात. फुल्या खऱ्या होत्या, मी पाहिल्यात. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येऊन काळा डाग पडतो, त्याला मंत्र लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरी जाऊन एकेकाशी वेगळं बोलतात, आणि करणारा हात बहुतेकदा घरातलाच निघतो. सोसणारा, दबलेला, ज्याचं कुणी ऐकत नाही असा.

आमच्याकडं तेव्हा कुणी आलं नाही. बोट गेलं शेजारच्या एकट्या म्हातारीकडं. तिच्या हातचं पाणी बंद झालं, मग दळण, मग बोलणं. 'मी चेटकीण आहे' असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. तिला ते म्हटलं गेलं. शेवटी लेकीकडं निघून गेली ती परत आली नाही. भाचीला मराठी शब्द सांगताना माझी जीभ अडली ती या बाईपाशी.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं लढत होते. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. अमुक बाई करणी करते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं आता गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद.

आणि जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं हा कायदा टीव्हीपर्यंत नेला. देवाच्या नावाचं यंत्र चमत्कारी म्हणून जाहिरातीतून विकणं बेकायदा आहे, असा निकाल दिला. दाद मागणारे एक शिक्षक होते. यंत्र तांब्याचं की पितळेचं, हा वाद नव्हताच. वाद होता ते काय करतं असं सांगितलं जातं, याचा.

[दृश्य : पुन्हा ओसरी. लॅपटॉप, गॉगल. एकेक मणी.]

भाचीच्या ब्रेसलेटमधले मणी आम्ही एकेक करून फिरवले. एकवीस. अठरा उजळले, तीन काळे राहिले. ती म्हणाली, "म्हणजे बाकीचे खरे." मी कार्डावरच्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, यांना कुठल्या गॉगलनं बघायचं? ती हसली, पण ब्रेसलेट काढलं नाही. रंग छान आहे म्हणाली. तो आहेच.

आई इतका वेळ गप्प होती. उठून विहिरीच्या ढिगातल्या दोन गारा घेऊन आली. "लाइट बंद करा." अंधारात तिनं गारेवर गार घासली. आत, दगडाच्या पोटात, फिकट पिवळसर उजेड चमकून गेला. पुन्हा घासली, पुन्हा चमकला. जळल्यासारखा वास सुटला. लहानपणी आम्ही सगळेच हे करायचो. मी विसरलो होतो.

"काचेला असं व्हत न्हाई," आई म्हणाली.

कॅमेरा सुरू होता. पडद्यावर तुम्हाला काळोखच दिसेल आणि आवाज ऐकू येईल तो भाचीचा : "आजी, अजून एकदा."