हिरव्या डोळ्यांच्या शोधात

(दृश्य: रात्र. उघडा माळ. गाडीवरून फिरणारा दिव्याचा झोत.)

मध्यरात्र उलटली आहे. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातला हा कोनाटा बेसिनचा माळ. झोत गवतावरून सरकत जातो आणि एका बिळाशी थबकतो. दोन हिरवे ठिपके चमकतात. गाडीतले जीवशास्त्रज्ञ रात्र-रात्र जागतात ते याच डोळ्यांसाठी.

हा काळ्या पायांचा फेरेट. मुंगसासारखं लांबट अंग, डोळ्यांवर काळी पट्टी. मोकळ्या रानात असे आज जेमतेम तीनशे.

हा प्राणी संपला, असंच एकेकाळी सगळ्यांनी धरलं होतं. मग 1981 मध्ये वायोमिंगच्या मीटीत्सी गावाजवळ शेप नावाच्या राखणीच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट घरी आणला आणि तिथे जवळच त्यांची अख्खी वस्ती सापडली. आनंद चार वर्षं टिकला. 1985 मध्ये डिस्टेंपर हा कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार आणि प्लेग, दोन्ही एकदमच तुटून पडले. जे वाचले ते पकडून आणले. भरले फक्त 18. त्यातल्या सातांचाच वंश पुढे चालला.

प्लेग. हे नाव आपल्याला परकं नाही. 1896 मध्ये तो मुंबईत आला, पुढच्या वर्षी पुण्यात. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या त्या याच रोगाने. तीच जगभरची साथ 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरली, तिथून रानात शिरली, आणि अजून तिथेच आहे.

(दृश्य: दिवस. बिळांच्या तोंडाशी उभे राहिलेले प्रेअरी डॉग.)

नावात डॉग असलं तरी ही जात खारीची. फेरेटचं पोट यांच्यावर, आणि राहणंही यांच्याच बिळात. पिसवा प्लेग पसरवतात आणि बघता बघता अख्खी वस्ती ओस पडते. मग फेरेट एक तर प्लेगने मरतो, नाही तर उपाशी.

म्हणून फेरेटला वाचवायचं तर आधी बिळांकडे वळावं लागतं. माणसं माळभर चालत एकेका बिळात पिसवा मारायची पावडर फवारतात. प्रेअरी डॉगसाठी शास्त्रज्ञांनी लस घातलेल्या गोळ्याही बनवल्या, चव पीनट बटरची! गोळी खरंच कोणी खाल्ली हे कळावं म्हणून तिच्यात रंगद्रव्य मिसळलं. ते मिशांच्या केसांत उतरतं, मग केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे.

फेरेटला मात्र सुईच टोचावी लागते. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. फेरेटची लसही मुळात माणसांसाठीच, अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. डोस दोन. म्हणजे एवढ्या माळावर तोच प्राणी काही आठवड्यांनी पुन्हा शोधायचा, पुन्हा पकडायचा. अंगातल्या चिपवरून ओळख पटते. एकेका जिवासाठी एवढं करणारी ही माणसं पाहिली की ऊर भरून येतो.

(दृश्य: पहाट. बिळाशी ठेवलेला पिंजरा.)

दुसरी सुई झाली. पिंजरा ज्या बिळाशी लावला होता, तिथेच परत आणलाय. दार वर होतं. फेरेट क्षणभर वळून बघतो, चिडून एकदा ओरडतो, आणि आत शिरतो.

गाडी पुढच्या बिळाकडे निघते.