कळ्या खोडल्या, काठ राखला

नागपूरच्या धरमपेठेतली एक खोली. टेबलावर कोरा कागद, शेजारी टोक केलेली पेन्सिल. लग्नाचे कपडे डिझाइन करणाऱ्या ताई आधी डोकं काढतात, मग त्याच मापानं खाली घरं आखतात. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी. फॅशनच्या चित्रातली मुलगी नऊ डोकी उंच. वाढ बहुतेक पायांतच. म्हणून कागदावर कुठलाही घागरा देखणा दिसतो.

समोर नवरी बसली आहे. मांडीवर आजीची करवतकाठी साडी. तिचा लग्नासाठी घागरा-चोळी करायची आहे.

भंडाऱ्याकडचा हा कोसा. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळीचं रेशीम, अंगचाच रंग मधासारखा. काठ लाल, त्याला करवतीचे दात. हे दात छापलेले नाहीत, भरलेलेही नाहीत. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे, एक अंगाचा. काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत अडकवत विणकर पुढे जातो. बोट फिरवून बघा, जोड हाताला लागत नाही.

पहिल्या चित्रात ताईंनी कळीदार घागरा काढला होता, वर निमुळत्या पट्ट्या म्हणजे कळ्या जोडून केलेला. सुंदरच होता. पण कळी तिरकी कापावी लागते आणि काठ सरळ. जोडाजोडाला काठ मोडणार, दात तुटणार. ताईंनी खोडरबर उचललं. कळ्या गेल्या, कमरेपासून बारीक चुण्या आल्या, खाली काठ अखंड राहिला. वरचा काठ तेवढा कापायचा, तो चोळीच्या बाह्यांना. माझ्या मते खरं डिझाइन इथे सुरू झालं.

"लग्न मे महिन्यात आहे जी ताई, जड नका करू," नवरीची आई म्हणते. नागपूरचा मे, पारा ४५ अंशांवर. घागरा फुगवणारं कडक जाळीचं कॅनकॅन रद्द, अस्तर मलमलचं.

"अन् मला पाटावर बसता आलं पाहिजे," नवरी म्हणते. अगदी बरोबर. चित्रातली मुलगी कायम उभी असते. १९८१ साली लंडनमध्ये राजकुमारी डायनाच्या लग्नाच्या पोशाखाचा मागे लोळणारा २५ फुटी घोळ घोडागाडीत दाटीनं बसवला, आणि ती उतरली तेव्हा टॅफेटाच्या रेशमी कापडावरच्या सुरकुत्या साऱ्या जगानं पाहिल्या. इथे तर होमासमोर मांडी घालून बसायचं आहे. ताई घेर वाढवतात, उंची अर्धा इंच कमी करतात.

चित्राच्या समासात आता आकडे. कंबर २८. उंची साडेएकोणचाळीस. चोळीला दोन्ही बाजूंनी दीड इंच माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड.

पदराकडे वीतभर कापड उरतं. "याचं काय करू?" शिंपी मास्तर विचारतात.

"घडी करून पिशवीत घाला," ताई म्हणतात. "तिच्यासोबत जाऊ द्या."