होजवरचा हात

(दृश्य : जयगड, सकाळ. जेटीला लागून बार्ज. मागून तवसाळची फेरीबोट जाते.)

शास्त्री नदी इथं समुद्राला मिळते. पाणी इतकं गढूळ की खाली उतरलेल्याला स्वतःचा हातही धड दिसत नाही. भांगाचे दिवस आहेत, प्रवाहाला जोर कमी. जेटीचे पाइल, म्हणजे पाण्यात उभे खांब, तपासायचे, तर हेच दिवस.

(दृश्य : डेकवरचा अंबिलिकल, अगदी जवळून.)

हा अंबिलिकल, म्हणजे डायव्हरला वर जोडून ठेवणारा नळ्या-दोरांचा जुडगा. बोलताना त्यालाच होज म्हणतात. आठच्या आकड्यात रचलाय, म्हणजे सोडताना पीळ पडत नाही. हवेची मुख्य नळी, बोलण्याची केबल, ताण घेणारा दोर आणि खोली सांगणारी बारीक नळी. तिचं खालचं तोंड डायव्हरच्या छातीशी उघडं असतं. वरून हवा सोडून तिथला दाब पॅनलवर वाचतात. काटा आत्ता 14 मीटरवर आहे. ओढ हेल्मेटवर येऊ नये म्हणून अंबिलिकल हार्नेसच्या कडीला अडकवलाय.

(दृश्य : टेंडरचे हात.)

हे हात बघा. वर उभं राहून डायव्हरचा होज सांभाळतो, तो टेंडर. ढील दोन-तीन फूट, बस. जास्त सोडला तर होज पाइलला वेढा घालतो, आणि पाइलवर कालवं असतात, पात्यासारख्या धारेची. ताणून धरला तर खाली काम करणाऱ्याचा तोल जातो. डायव्हर पाइलच्या ज्या बाजूनं गेला, त्याच बाजूनं परत येतो. त्याचा प्रत्येक वळसा टेंडरच्या डोक्यात पक्का असतो.

“किती बाहेर आहे रे?”

“बावीस मीटर, दादा. ढील दोन फूट.”

(दृश्य : तयार बसलेला स्टँडबाय डायव्हर.)

याचा होज मुद्दाम जास्त लांब. अडकलेल्यापर्यंत पोचून काम करता आलं पाहिजे. जवळ जहाजाचा पंखा असेल, तर डायव्हर त्याच्या 5 मीटरच्या आत जाऊच शकणार नाही, अशा मापावर होज आधीच बांधून टाकतात.

होज तुटलाच, तर हेल्मेटचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा उलटी जाऊ देत नाही. पाठीवरच्या बाटल्यात वर येण्यापुरती हवा असते.

एवढं असूनही कित्येक कामांवर होज रिकाम्या बसलेल्या कुणाच्याही हातात देतात आणि हजेरीपटावर लिहितात ‘हेल्पर’. हे थांबलंच पाहिजे. टेंडर शिकलेलाच हवा, आणि डायव्हर पाण्यात असेपर्यंत त्याच्या हाती ना दुसरं काम, ना फोन.

(दृश्य : होज वर येतो.)

होज पुसत आत घेताना टेंडरचा अंगठा पिवळ्या टेपपाशी थांबतो. मुख्य नळीचं आवरण चिरलंय. सुपरवायझर वाकून बघतो, अंबिलिकल बाजूला काढायला सांगतो. दुपारी राखीव होज, तोही आधी टोकापासून टोकापर्यंत तपासून.