टेबल माउंटनचा रोपवे आणि केपटाउनचा वारा

नमस्कार श्रोतेहो. केपटाउनला जायचं ठरलं असेल तर आधी एकच सांगणं आहे. टेबल माउंटनचा रोपवे शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. पोचलात त्या दिवशी डोंगराचा माथा मोकळा दिसला आणि वारा पडलेला असला, तर सामान खोलीवर टाका आणि लगेच वर जा. तिथला बेत वाऱ्याच्या हातात असतो.

हा वारा आग्नेयेकडून येतो. ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात, त्याचा जोर. न्यूलँड्स या तिथल्या क्रिकेट मैदानावरची नव्या वर्षाची कसोटी नेमकी याच दिवसांत येते. भारताचा संघ २०२२ आणि २०२४ मध्ये जानेवारीतच तिथे खेळला. शहरातला धूर आणि कोंदट हवा तो वाहून नेतो, म्हणून तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडते, वर चढते, गार होते आणि माथ्यावर पांढरा ढग धरतो. तो शहराच्या बाजूच्या कड्यावरून खाली ओघळतो, आणि उतरता उतरता हवा पुन्हा तापली की विरून जातो. सपाट माथ्यावर चादर अंथरल्यासारखं दिसतं. तिथे त्याला ‘टेबलक्लॉथ’ असंच नाव आहे. मेख अशी, की खाली किनाऱ्यावर लख्ख ऊन असतं आणि वर रोपवे बंद असतो. तेव्हा खिडकीतून आभाळ बघून निघू नका. चालू की बंद हे रोपवेच्या संकेतस्थळावर कळतं, ते पाहून निघा. तिकीटही तिथेच काढता येतं. दुपारी एकनंतरचं तिकीट सकाळच्यापेक्षा स्वस्त पडतं, पण वाऱ्याच्या दिवसांत सकाळ गाठलेली बरी.

रायगडाच्या रोपवेत बसलेल्यांना इथली रचना चटकन कळेल. दोन केबिन असतात. एक वर निघते तेव्हा दुसरी खाली निघते आणि मध्यावर दोघी एकमेकींना ओलांडतात. उतरणारीचं वजन चढणारीला हात देतं, त्यामुळे मोटरवर दोन्हींतल्या फरकाचा आणि घर्षणाचाच भार येतो. केबिन ज्यांच्यावरून धावते ते जाड दोर वेगळे आणि तिला ओढणारा दोर वेगळा. जाड दोर ताणून धरायला टोकाशी अजस्र वजनं लावलेली आहेत, १३४ टनांची. पोलाद उन्हात लांबतं, थंडीत आखडतं आणि भरलेली केबिन आली की दोराला झोळ पडतो. वजनं वरखाली सरकून ताण सारखा राखतात. अशा दोरांतली तुटलेली तार डोळ्यांना दिसतेच असं नाही, म्हणून ते चुंबकीय यंत्रातून तपासतात. दरवर्षी जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, ऐन हिवाळ्यात, देखभालीसाठी रोपवे काही दिवस पूर्ण बंद असतो. त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी तारखा आधीच बघाव्यात.

हा रोपवे ४ ऑक्टोबर १९२९ रोजी सुरू झाला. आखणी ट्रिग्वे स्ट्रॉम्सो या नॉर्वेजियन अभियंत्याची. आजच्या गोल केबिन १९९७ मध्ये आल्या. एकीत ६५ माणसं मावतात. केबिनच्या तळाशी ४००० लिटरपर्यंत पाणी भरता येतं. वाऱ्यात केबिन जड राहावी हा एक हेतू, आणि वरच्या उपाहारगृहाला पाणी पोचवणं हा दुसरा. एकाच टाकीत दोन्ही कामं साधणारी ही युक्ती मला या साऱ्या यंत्रणेत सर्वांत सुंदर वाटते.

केबिन सुटली की पायाखालची जमीन हळूहळू फिरू लागते आणि वाटेत एक पूर्ण चक्कर घेते. म्हणून खिडकीसाठी धक्काबुक्की करायचं कारण नाही. टेबल बे, लायन्स हेडचा सुळका, दूरवरचं रॉबेन बेट, सगळं आपणहून समोर येतं. फक्त भिंतीकडच्या दांड्याला घट्ट धरून राहू नका. भिंत जागेवर राहते, पाय पुढे जातात आणि तोल जातो. लहान मुलांना मधोमध उभं करा. वेग सेकंदाला १० मीटरपर्यंत जातो आणि सगळा प्रवास पाचएक मिनिटांचा. शेवटच्या टप्प्यात दोर एकदम उभा होतो आणि कडा इतका जवळ येतो, की वालुकाश्माचे आडवे थर आणि भेगांत रुजलेली झुडपं एकेक करून दिसतात. कॅमेरा शहराकडे असतो, तेवढ्यात हे निसटतं.

वरचं स्थानक १०६७ मीटरवर आहे, खालच्यापेक्षा सुमारे ७०० मीटर उंच. नुसत्या उंचीनं हवा चार-पाच अंशांनी गार होते, वारा असेल तर हुडहुडी भरते. वाराबंद जाकीट हातात हवंच. माथ्यावर पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंतच्या आखीव वाटा आहेत. दगडांवर डॅसी नावाचे सशाएवढे, बिनशेपटीचे प्राणी ऊन खात बसतात. हत्ती हा त्यांचा जवळचा नातलग. त्यांना खायला घालू नका, चावतात.

फिरताना कान उघडे ठेवा. वारा वाढू लागला की स्थानकावरून भोंगा वाजतो. त्यानंतर फोटो नको, चहा नको, सरळ स्थानकाकडे वळा, कारण सगळ्यांना उतरवायला केबिनच्या कित्येक फेऱ्या लागतात. पायी उतरायचं तर प्लाटेक्लिप घळीची वाट आहे. ती दोन-तीन तास घेते, दगडी पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात आणि पायथ्यापर्यंत सावली फारशी नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट नसतील, किंवा ढग माथ्यावर उतरून वाट दिसेनाशी झाली असेल, तर त्या वाटेला जाऊ नका. रांगेतच थांबा.