भाष् ते भाषा

(पंचवटी. पाठशाळेची ओसरी, मुलांची संथा.)

रामकुंडावर गर्दी वाढायची आहे, इथे मात्र संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदांची मुळं, घोकणं सुरू झालंय. भाषते, भाषेते, भाषन्ते. ऐका, एक अक्षर गिळलं जात नाही. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, भाष् या धातूचा अर्थ दिलाय तोही हाच: 'व्यक्तायां वाचि'. भाष् म्हणजे अक्षर न् अक्षर कळेल असं बोलणं.

(फळा, जवळून.)

गम् पासून गति, मन् पासून मति. मग भाष् ला 'ति' का लागत नाही? पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणग्रंथातलं सूत्र ३.३.१०३, 'गुरोश्च हलः'. धातूतला स्वर गुरू, म्हणजे जड, आणि शेवटी व्यंजन असेल, तर 'ति'ऐवजी 'अ' येतो, त्यावर स्त्रीलिंगाचा 'आ'. झाली भाषा. आता मुलं थांबत नाहीत. सेव्, सेवा. क्रीड्, क्रीडा. भिक्ष्, भिक्षा. इथला 'इ' ऱ्हस्व खरा, पण पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू ठरतो. म्हणून शिक्ष् ची शिक्षाही याच सूत्रातली. रोज तोंडात असलेले हे शब्द एकाच नियमाने घडलेत, हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत कुणी दाखवलं?

(पोथीचं पान.)

पाणिनी आपल्या भाषेला 'संस्कृत' म्हणत नाही. नियम वेदापुरता असेल तर तो 'छन्दसि' म्हणतो, बोलण्यापुरता असेल तर 'भाषायाम्'. 'तुम्ही दोघं' याला वेदात 'युवम्', भाषेत 'युवाम्'. एवढा बारीक फरक टिपायचा तर माणसं बोलताना कान देऊन ऐकावी लागतात. हे व्याकरण जिवंत बोलण्यावर उभं आहे, आणि ते तसंच शिकवलं पाहिजे.

(पांडवलेणी, दहावं लेणं. भिंतीवरचा लेख.)

त्रिरश्मी डोंगरातला हा उषवदाताचा लेख, क्षत्रप नहपानाच्या जावयाचा. ब्राह्मी लिपी, सुमारे १९०० वर्षांपूर्वीची. वाक्यं बरीचशी संस्कृत, आणि त्यांतच कोरलंय: 'इदं लेणं कारितं'. लेणं! लोकांच्या तोंडचा शब्द राजघराण्याच्या दानलेखात बसलाय, आणि पायथ्याशी उतरणारा नाशिककर अजून तोच शब्द वापरतो.

दहावीला गुण चढतात म्हणून संस्कृत घेणारी मुलं रूपं पाठ करतात, सूत्रापर्यंत पोचत नाहीत. 'गुरोश्च हलः' शिकवायला एक तास पुरतो.