तेल-तूप बंद केल्याने कर्करोगाची गाठ उपाशी मरते का?

नमस्कार. मेद आणि कर्करोग या विषयावरील मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हापुन्हा आला आहे: रुग्णाचे तेल-तूप पूर्ण बंद केले, तर गाठीची वाढ थांबेल का?

पेशीचे विभाजन होताना दोन्ही पेशींना पुरेल एवढे पटल, म्हणजे पेशीचे बाहेरचे आवरण, तयार व्हावे लागते आणि पटल प्रामुख्याने मेदाचे असते. हे शाळेत शिकलेले आहे, म्हणून पुढे जातो. खरा प्रश्न हा मेद कोठून येतो, हा आहे.

शरीरातील बहुतेक निरोगी पेशी रक्तातील तयार मेदाम्ले, म्हणजे मेदाचे मूळ घटक, घेतात. गाठीतील पेशी मात्र ती स्वतः बनवू शकतात, हे संशोधक ग्रेस मेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्येच दाखवले होते. पुढे 1994 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील फ्रान्सिस कुहाज्दा यांच्या गटाला असे आढळले, की स्तनाच्या ज्या गाठींचे भवितव्य वाईट असते, त्यांत विपुल दिसणारे एक प्रथिन म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेस हे मेदाम्ले बनवणारे विकरच (एन्झाइम) आहे. ग्लुकोजपासून पेशीतील तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) सायट्रेट हे संयुग बनते, ते बाहेर येऊन त्याचे ॲसिटिल-कोए, म्हणजे दोन कार्बनचा तुकडा वाहून नेणारा रेणू, होते आणि हे विकर दोन-दोन कार्बन जोडत सोळा कार्बनचे पामिटिक आम्ल हे मेदाम्ल तयार करते. या साऱ्यात तुपाचा थेंबही लागत नाही. साखरही बंद करू, असे काही जण लिहितात. परंतु तेव्हा यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले, की अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी आतड्यांवरील चरबीच्या पडद्यात शिरतात आणि तेथील चरबीपेशींकडून मेदाम्ले घेतात. ती चरबी शरीरात आधीपासूनच साठलेली असते. आजचे जेवण बदलून ती गाठीपासून दूर ठेवता येत नाही.

तिसरी बाजू बार्सिलोनातील कर्करोग-संशोधक साल्वादोर अझनार बेनिताह यांच्या प्रयोगांची आहे, कारण प्रतिक्रियांमध्ये त्यांचाच दाखला सर्वाधिक दिला जातो. माणसाच्या मुखकर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांना मेदयुक्त आहार दिल्यावर रोगाचा प्रसार वाढला आणि सीडी36 हे मेद आत घेणारे प्रथिन प्रतिपिंडाने अडवल्यावर तो रोखला गेला. मुखकर्करोग मोठ्या प्रमाणावर असलेल्या आपल्या देशासाठी हे काम मोलाचे आहे. परंतु उंदरांतील प्रसाराविषयीच्या या निष्कर्षावरून रुग्णाचे तूप तोडल्यास त्याची गाठ उपाशी मरेल, असे म्हणता येत नाही. पामिटिक आम्ल तर पेशी स्वतःच बनवते, हे आपण आताच पाहिले.

माझ्या मामांना जबड्याचा कर्करोग झाला, तेव्हा नातेवाइकांच्या सल्ल्याने घरात तूप आणि दूध बंद झाले. किरणोपचारांमुळे घास गिळणे आधीच कठीण होते; काही आठवड्यांत त्यांचे वजन इतके घटले, की डॉक्टरांना उपचार लांबवावे लागले. एक ग्रॅम मेदातून नऊ किलोकॅलरी मिळतात. ज्याला चार घासच जातात, त्याच्या मऊ भातावरचे तूप काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

मेदनिर्मिती औषधाने रोखण्याचे प्रयत्न अर्थातच चालू आहेत. सिंथेस रोखणाऱ्या सी75 या रसायनाने उंदरांची भूक आणि वजन फार घटले. डेनिफानस्टॅट या नव्या औषधाच्या चाचण्या मात्र माणसांवर झाल्या आहेत. निर्मिती अडवली, की पेशी बाहेरून मेद ओढू लागतात, म्हणून दोन्ही वाटा एकाच वेळी कशा बंद कराव्यात, यावर आता संशोधकांचा भर आहे.